झेंडीवाल्याला पैसे कोणी दिले?

2018 च्या मंडईत (आमच्याकडे जत्रेला मंडई म्हणतात) आमच्या गावात जे नाटक झालं, ते मी लिहिलेलं होतं. पहाटे पाचला पडदा पडला. घरी जाऊन दोन तास डोळा लागला आणि आठला दुकान उघडलं. लाखांदूर रस्त्यावर माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शटर अर्धं वर केलं, तर बाहेर आमच्या टोलीतल्या एक वहिनी उभ्या. चुलबंद नदीच्या पलीकडच्या गावाहून लग्न होऊन त्या इकडे आल्या, त्याला वीसेक वर्षं झाली. सोबत गाडी नव्हती.

"भाऊजी, एक विचारू का?"

"विचारा ना."

"माझ्या आज्यानं त्या झेंडीवाल्याले खरंच पैसे देल्ले होते का जी? आमच्या घरी कोनी कधी सांगतलंच नाई."

त्या भांडायला आल्या असत्या तर मी तयार होतो. रागाला उत्तर देता येतं. पण त्या विचारायला आल्या होत्या. मला कुठून तरी जुनी खरी गोष्ट सापडली आणि ती मी नाटकात घातली, असं त्यांनी धरून चाललं होतं. रात्रभर शामियान्यात बसून त्यांनी आपला आजा शर्यतीचा निकाल देणाऱ्या झेंडीवाल्याला पैसे चारतो हे पाहिलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

मी म्हणालो, "नाटकात थोडं इकडेतिकडे करावं लागते वहिनी." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचा पोरगा तेव्हा सहावीत होता. शाळेत पोरं त्याला आठवडाभर 'झेंडीचोर' म्हणत होती, हे मला माझ्या पोरीकडून कळलं.

आता मूळ गोष्ट सांगतो.

आमच्याकडे, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली आणि पट गेला, नाटक राहिलं. पोरांची एक पिढी पटाची दाण (बैल पळतात ती पट्टी) न पाहताच मोठी होऊ लागली. म्हणून गावातल्या मंडळींनी मला सांगितलं, तुझ्या आज्याच्या पटावर नाटक लिही. आज्याची जोडी पंचक्रोशीत माहीत होती. हिरा आणि पाखऱ्या.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, माघात, शेवटची फेरी आमच्या आज्याची जोडी आणि वहिनींच्या आज्याची, म्हणजे पाटलांची जोडी, अशी लागली. दोन्ही जोड्या शेवटाला जवळजवळ सोबतच आल्या. झेंडीवाल्यानं पाटलांची जोडी पुढे धरली. आमचा आजा मरेपर्यंत म्हणत राहिला की हिऱ्याचं नाक पुढे होतं. भांडण म्हणावं तर एवढंच. पैसे दिले-घेतले असं आज्यानं कधी म्हटलं नाही, आजीनं नाही, गावात कोणीच नाही. ते मी घातलं. दुसऱ्या अंकाला विरोध उभा राहत नव्हता, म्हणून मी पाटलांच्या हातात नोटांचं पुडकं दिलं.

आणि एक गोष्ट मी गाळली. दाण संपते तिथं पाखऱ्याचा पुढचा पाय एका खुंटीनं फाटला होता. चार कोस चालून घरी येणं शक्य नव्हतं. पाटलांनी दोन्ही बैल आपल्या गोठ्यात नेले, आठ दिवस ठेवले, हळद-तेल लावलं, आणि आपला माणूस सोबत देऊन ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, पोत्यासह परत पाठवले. आजी दर पोळ्याला बैलाचे पाय धुताना हे सांगायची. मला ते तोंडपाठ होतं. पण नोटांचं पुडकं देणारा माणूस जखमेला हळद लावताना दाखवला असता तर प्रेक्षक गोंधळले असते. मग हळद काढली, पुडकं ठेवलं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सुटे भाग आणायला नागपूरला गेलो होतो. काम दुपारीच आटपलं. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' नुकताच लागला होता. गाड्यांचा सिनेमा म्हणून बसलो. आवाज, गिअर टाकतानाची पायाची हालचाल, लाल झालेले ब्रेक, रात्रीच्या पावसात काचेवर पसरणारे दिवे, सगळं माझ्या आवडीचं. शर्यतीपेक्षाही वर्कशॉप जास्त आवडलं. हातात पाना घेऊन विचार करणारा माणूस पडद्यावर फार कमी दिसतो. फोर्डसाठी पळणारा चालक केन माइल्स हरला तेव्हा मी रडलो. खरं सांगायचं तर त्या लिओ बीबी नावाच्या सुटाबुटातल्या फोर्डच्या साहेबाचा मला इतका राग आला की बाहेर येऊन चहा घेतानाही तोच डोक्यात होता. घरी येईपर्यंत एसटीत मोबाइलवर वाचत बसलो. पवनीच्या अलीकडे कुठेतरी मी मोबाइल बाजूला ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिलो. मी पाटलांचं जे केलं होतं, तेच या सिनेमानं बीबीचं केलं होतं.

सिनेमात 1965 च्या ल मांच्या, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीला माइल्सला नेतच नाहीत. साहेबाला तो पसंत नाही, म्हणून तो मागे राहतो आणि रेडिओवर शर्यत ऐकतो. त्याच्याबद्दल छाती भरून येते. प्रत्यक्षात 1965 ला माइल्स ल मांला गेला होता. ब्रूस मॅक्लारेनसोबत फोर्डच चालवत होता, आणि गिअरबॉक्स गेला म्हणून त्यांची गाडी बाद झाली. त्याला कोणी घरी ठेवलं नव्हतं. ज्या माणसाच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, त्याला सिनेमानं ज्याला बोलावलंच नाही असा माणूस करून टाकलं. मी रोज गिअरबॉक्स उघडतो. शर्यतीच्या मधात गिअरबॉक्स जाणं हे एखाद्याला न बोलावण्यापेक्षा कमी दुःखाचं असतं, असं मला वाटत नाही.

1966 च्या जूनमधल्या शर्यतीचा शेवट मात्र बराचसा खरा आहे. चोवीस तास संपत आले तेव्हा फोर्डच्या तीन गाड्या पहिल्या तीन क्रमांकावर होत्या. तिन्ही सोबत रेषा ओलांडताना दिसाव्यात असं फोर्डच्या लोकांनी ठरवलं, माइल्सला वेग कमी करायला सांगितलं, आणि निकाल लागला तेव्हा मॅक्लारेन आणि क्रिस एमन यांची गाडी पहिली ठरली. कारण साधं. सुरुवातीला ती गाडी माइल्सच्या गाडीच्या मागे उभी होती. दोन्ही सोबत पोहोचल्या म्हणजे मागून आलेलीनं तेवढे मीटर जास्त कापले. 360 फेऱ्या, एक फेरी 13.461 किलोमीटरची, म्हणजे 4800 किलोमीटरच्या वर पळून निकाल लागला तो उभं राहण्याच्या जागेवर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आज्याचा हिरा आठवला. नाक पुढे असून काय उपयोग, झेंडी दुसरीकडे पडली तर.

ते सोबत रेषा ओलांडण्याचं ठरवण्यात बीबीचा हात होता, हेही खरं. पण त्यामागचं कारण त्यानं पुढे सांगितलं होतं. आपल्याच गाड्या शेवटच्या तासात एकमेकींशी झुंजल्या तर एकमेकींवर आदळून बाद होतील, याची त्याला भीती होती. चोवीस तास पळलेल्या गाडीचे ब्रेक काय अवस्थेत असतात हे माहीत असलेल्या माणसाला ही भीती खोटी वाटणार नाही. निर्णय चुकला असेल. माझ्या मते चुकलाच. पण चुकलेला निर्णय आणि मनातला आकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमात बीबी पहिल्या भेटीपासून माइल्सच्या वाईटावर आहे. सिनेमा आला तेव्हा बीबी हयात नव्हता. त्याच्या घरी कोणी ना कोणी असेलच. त्यांनी तो कुठल्या तरी थिएटरात पाहिला असेल.

आणखी एक माणूस या सिनेमात जवळजवळ हरवला आहे. माइल्सच्या गाडीवर दुसरा चालक डेनी हल्म होता. चोवीस तास एक माणूस गाडी चालवत नाही, दोघं आळीपाळीनं चालवतात. तो विजय माइल्सच्या हातून गेला म्हणजे हल्मच्याही हातून गेला. हल्म पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. एवढा मोठा माणूस सिनेमात हेल्मेट घालून इकडून तिकडे जाताना दिसतो. आमच्या पटातही असंच होतं. मालकाचं नाव राहतं, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं राहत नाही. आज्याच्या जोडीवर त्या दिवशी धुरकरी कोण होता, हे माझ्या नाटकातही नव्हतं.

शेवटी फेरारी कंपनीचा मालक एन्झो फेरारी माइल्सकडे पाहून टोपी काढतो. फार सुंदर दृश्य आहे. त्या वर्षी एन्झो ल मांला नव्हताच. हे कळल्यावर मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्या टोपीनं कोणाचं काही गेलं नाही. यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. एक खोटं मला चालतं आणि दुसरं चालत नाही, ते का?

उत्तराच्या जवळ मला एका म्हाताऱ्या माणसाच्या सिनेमानं नेलं. बर्ट मन्रो, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिलला राहायचा. त्याच्याकडे 1920 ची इंडियन स्काउट मोटरसायकल. नवी होती तेव्हा 600 सीसीची, ताशी 55 मैल पळणारी. तीच गाडी घेऊन तो आयुष्यभर बसला. जुन्या डब्यांत ॲल्युमिनियम ओतून पिस्टन घरी बनवायचा. ट्रॅक्टरच्या आसातून कनेक्टिंग रॉड कापून काढायचा. बिघडलेले पिस्टन, तुटलेले रॉड फळीवर मांडून ठेवले होते आणि वर लिहिलं होतं की हे वेगाच्या देवाला वाहिलेलं आहे. माझ्या दुकानातही अशी एक फळी आहे. फाटलेले पिस्टन मी भंगारात देत नाही. का देत नाही हे मला कधी सांगता आलं नव्हतं.

त्याच्यावरचा 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' 2005 मध्ये आला. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन मन्रोला ओळखत होता, त्याच्यावर आधी माहितीपटही केला होता. तरी सिनेमात तो अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एकदाच जातो आणि पहिल्याच खेपेत विक्रम करतो. खरं तर तो 1962 पासून कित्येक वर्षं पुन्हापुन्हा जात होता, पैसे जमवत, बोटीनं. एवढ्या खेपांची एक खेप केली, हे मला समजतं. दोन तासांत तेवढंच बसतं. आजीसुद्धा तीन पटांची गोष्ट एकाच पटात सांगायची.

पण शेवटी सिनेमात त्याचा वेग ताशी 200 मैलांच्या वर दाखवला आहे, आणि हे मला पटत नाही. 1967 मध्ये वयाच्या 68 व्या वर्षी मन्रोनं 1000 सीसीच्या आतल्या गटात जो अधिकृत विक्रम केला तो 183.586 मैलांचा. त्याहून जास्त वेगानं तो पळालाही होता, पण नोंद झालेला विक्रम हा. पुढं जे झालं ते कुठल्याही सिनेमापेक्षा मोठं आहे. मन्रो 1978 ला वारला. 2014 मध्ये त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की त्या वेळी सरासरी काढताना हिशेब चुकला होता. त्यानं कळवलं, संघटनेनं तपासलं, आणि बापाच्या मृत्यूनंतर 36 वर्षांनी विक्रम दुरुस्त होऊन 184.087 झाला. अर्ध्या मैलाचा फरक. त्या अर्ध्या मैलासाठी मुलानं जुने कागद काढले. पडद्यावर बापाला 200 मैल देऊन झालेले होते आणि जगभर लोक तेच खरं धरत होते. मुलाला ते नको होते. बापाचे जेवढे होते तेवढेच, पण पूर्ण हवे होते.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. मी उठून फळीवरचा एक पिस्टन हातात घेऊन बसलो.

टोपीचं आणि पुडक्याचं तेव्हा मला कळलं. मेलेल्या माणसाजवळ काय उरतं? त्यानं जे केलं ते, आणि तो कसा होता ते. खेपा कमी करा, पाऊस पाडा, टोपी काढवा. त्याचं केलेलं आणि त्याचा स्वभाव मात्र तुमचा नाही. जास्त देणंसुद्धा एक प्रकारे काढून घेणंच आहे. 200 दिले की 184 कोणाला मोठे वाटत नाहीत.

यानंतर मी जे जे पाहिलं ते याच नजरेनं. 'रश' सिनेमात फॉर्म्युला वनचे चालक निकी लाउडा आणि जेम्स हंट यांचं हाडवैर आहे. प्रत्यक्षात दोघं तरुणपणापासून मित्र होते, एके काळी लंडनमध्ये एका घरात राहिलेले. 1976 चं बाकीचं वर्ष मात्र असं आहे की त्याला हात लावायची गरजच नाही. 1 ऑगस्टला न्यूरबर्गरिंगवर लाउडाची गाडी पेटली. मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चार चालकांनी आपल्या गाड्या सोडून त्याला आगीतून ओढून काढलं. सहा आठवड्यांनी, 12 सप्टेंबरला, डोक्यावरच्या जखमा भरल्या नसताना तो मोंझाला पळाला आणि चौथा आला. भीतीनं आपलं अंग ताठ झालं होतं हे पुढे त्यानंच सांगितलं. शेवटच्या शर्यतीत, जपानमध्ये, पावसात दोन फेऱ्या करून त्यानं गाडी बाजूला घेतली, जीव जास्त मोलाचा म्हणून. हंट तिसरा आला आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपद एका गुणानं जिंकला, 69 विरुद्ध 68. एवढं सगळं खरं हाताशी असताना हंट एका पत्रकाराला मारतो असा प्रसंग रचून घातला आहे, कारण त्या पत्रकारानं लाउडाच्या भाजलेल्या चेहऱ्यावरून त्याला घाणेरडं विचारलेलं असतं. पाहताना बरं वाटतं. हंट मोठा दिसतो. पण हंटला त्याची गरज होती का? वैर दाखवायचं म्हणून मैत्री काढली, आणि मग मैत्री दाखवायला मारामारी घालावी लागली. मुळातली मैत्री ठेवली असती तर काम झालं असतं. एक गोष्ट या सिनेमाच्या बाजूनं सांगतो. लाउडा तेव्हा जिवंत होता, लेखकानं त्याच्याकडून ऐकून घेतलं, आणि सिनेमा त्याला आवडला. ज्याची गोष्ट आहे तो समोर बसून 'चालते' म्हणाला, तर मी कोण बोलणारा? हंट 1993 मध्येच, 45 व्या वर्षी गेला होता. त्याला कोणी विचारू शकलं नाही.

'सेना' तर माहितीपट आहे, 2010 चा. त्यात नट नाही, सगळं जुनं खरं चित्रण. आयर्टन सेना आणि ॲलन प्रोस्ट, फॉर्म्युला वनचे दोन चालक. एकही दृश्य रचलेलं नाही, तरी प्रोस्टच्या वाट्याला खलनायकपण आलंच. काय घेतलं आणि काय सोडलं यावरून. दोघांचं वैर खरं होतं, कडू होतं. पण प्रोस्ट निवृत्त झाल्यावर ते निवळलं. इमोलाला, 1994 च्या त्या काळ्या शनिवार-रविवारी, सेनानं गाडीत बसल्या बसल्या फ्रेंच टीव्हीसाठी बोलताना प्रोस्टला मित्र म्हणून नमस्कार घातला, तुझी आठवण येते म्हणाला. 1 मे ला शर्यतीत सेना गेला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्ट होता, आणि पुढे सेनाच्या नावाच्या संस्थेच्या कामातही राहिला. सिनेमात वैराला तासभर मिळतो, निवळण्याला शेवटी थोडी जागा. प्रोस्टनं याबद्दल उघड नाराजी दाखवली. मला त्याची नाराजी पूर्ण पटते, कारण मीही हळद गाळली होती.

यातला सगळ्यात प्रामाणिक प्रसंग मला 2023 च्या 'फेरारी' मध्ये दिसला. तो पाहणं सोपं नाही. 12 मे 1957, मिले मिलिया. ब्रेशियाहून रोमला आणि परत, साध्या रस्त्यावरून 1600 किलोमीटरची शर्यत. गावागावातली माणसं रस्त्याच्या कडेला उभी. ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचं टायर फुटलं. तो गेला, सोबतचा एडमंड नेल्सन गेला, आणि कडेला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यात पाच लेकरं. सिनेमा तिथं नजर वळवत नाही. आधी एका घरात जेवण चाललेलं दाखवतो, पोर बाहेर पळतं, आणि मग ते होतं. शर्यतीच्या सिनेमात पाहणारे लोक नेहमी फक्त ओरडायला असतात. इथं त्यांची घरं आहेत, ताटं आहेत. मी पटाच्या कडेला वाढलेला माणूस आहे. उधळलेली जोडी गर्दीत शिरते तेव्हा काय होतं हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. ती नऊ माणसं सिनेमातून काढली असती तर एन्झोची गोष्ट सोपी झाली असती. त्याच्यावरचा खटला 1961 पर्यंत चालला, तेव्हा कुठे तो सुटला.

आणि एक उलटी गोष्ट. 1971 च्या 'ल मां' मधली गोष्ट, पात्रं, निकाल, सगळं मनचं. पण 1970 च्या खऱ्या शर्यतीत सिनेमावाल्यांनी कॅमेरे लावलेली पोर्शे 908 उतरवली होती. ती चोवीस तास खऱ्या गाड्यांमध्ये पळाली. फिल्मची रिळं बदलायला सारखी थांबावी लागली म्हणून पुरेसं अंतर भरलं नाही आणि तिचा क्रमांक धरला गेला नाही. ज्या सिनेमात एकही खरा माणूस नाही, त्यात ल मांची खरी रात्र आहे. नावंच बदलली असती तर मलाही पुडकं दाखवायला मोकळीक होती. तेवढंही मला सुचलं नव्हतं. पाटलांचं नाव मी गावासकट ठेवलं होतं, खरं वाटावं म्हणून.

16 डिसेंबर 2021 ला न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली, 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा मान्य केला, आणि आमच्या भागात पट परत सुरू झाले. मंडळींनी पुन्हा तेच नाटक मागितलं. मी म्हटलं, लिहून देतो, पण तेच नाही.

दुसरा अंक मी पूर्ण फाडला. पुडकं काढलं. झेंडीवाला आता म्हणतो की मला जे दिसलं ते मी सांगितलं, आणि आजा म्हणतो मला वेगळं दिसलं, आणि दोघंही खरं बोलत आहेत. विरोध कमी पडेल अशी धास्ती होती. पण तालमीत हा प्रवेश सुरू झाला की गप्पा मारणारी पोरं गप्प व्हायची. धुरकरी कोण होता ते शोधायला मी तीन म्हाताऱ्यांकडे गेलो. तिघांनी तीन नावं सांगितली, म्हणून नाटकात तो बिननावाचा आहे. पण आता त्याला बोलायला एक पान आहे. तिसऱ्या अंकात गोठा घातला. कंदील, पाखऱ्याचा पाय, पाटील खाली बसून हळद लावत आहेत.

छापायला देण्याआधी वही घेऊन वहिनींच्या घरी गेलो. पोरगा आता अकरावीत आहे, तोही बाजूला बसला. आधी मी सांगितलं की मागच्या नाटकातलं पैशाचं मी रचलं होतं, तुमच्या आज्यानं असं काही केलं नव्हतं, आणि हे मला त्याच सकाळी सांगायला पाहिजे होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. पोरानं मोबाइल खाली ठेवला. मग मी गोठ्याचा प्रवेश वाचायला घेतला. पाटील आपल्या माणसाला सांगतात, गाडीत सरकीच्या ढेपेचं एक पोतं टाक.

"थांबा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सरकीची नाई."

"मग?"

"जवसाची. आमच्या बांध्याईत धानाच्या मागून जवसच राहे. सरकी कोन आनते तिथं? आजी सांगे ना, त्या बैलाईसाठी घरची ढेप देल्ली म्हनून. वर्षभराची होती ते."

म्हणजे ही गोष्ट त्यांच्या घरीही सांगत होते. त्यांच्या आजीकडून, त्यांच्या गोठ्याच्या बाजूनं.

मी सरकी खोडून जवस लिहिलं. त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "पुन्हा वाचा. पहिलेपासून."